कॅमेरा पुढे, कॅमेरामन मागे

पडद्यावरची जीवघेणी उडी पाहताना आपली नजर उडी मारणाऱ्यावर खिळलेली असते. ती टिपणारा कॅमेरा कुठे होता आणि त्याच्या मागे कोणी उभं होतं का, हे सहसा कुणी विचारत नाही. गेल्या शंभर वर्षांतल्या स्टंटचा हिशेब मात्र याच दोन प्रश्नांतून मांडता येतो.

मूकपटांच्या काळात कॅमेरा स्टँडवर बसलेलं धूड होतं. हॅरॉल्ड लॉइडच्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये (१९२३) नायक उंच इमारतीच्या घड्याळाला लोंबकळतो. तो भिंतीचा सेट लॉस एंजेलिसमधल्या खऱ्या इमारतींच्या गच्चीवर उभारलेला होता. कॅमेरा असा लावला, की गच्ची फ्रेमबाहेर राहिली आणि रस्त्यावरची रहदारी थेट नायकाच्या पायांखाली आली. बस्टर कीटनला एवढीही लपवाछपवी नको होती. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो जसाच्या तसा उभा राहतो. मोकळी जागा होती अवघ्या काही इंचांची. कॅमेरा लांब आणि स्थिर. त्या क्षणी कट मारला असता, तर प्रेक्षकाला डुप्लिकेटचा संशय आलाच असता. लांबून घेतलेला सलग शॉट हाच कीटनचा पुरावा होता.

कॅमेरे हलके झाले आणि गाडीत शिरले. ‘बुलिट’मध्ये (१९६८) सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर गाडी हवेत उडाली, की प्रेक्षकाच्याही पोटात गोळा येतो, कारण तो रस्त्याच्या कडेला उभा नसतो, गाडीत बसलेला असतो. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या (१९७१) पाठलागात दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन स्वतः कॅमेरा घेऊन मागच्या सीटवर बसला. कॅमेरामन बायकामुलांचे, आपण सडे, असं त्याचं कारण होतं. धोका आता भिंगाच्या दोन्ही बाजूंना होता.

आपल्याकडे ‘शोले’तला (१९७५) आगगाडीचा थरार पनवेलजवळ चित्रित झाला आणि त्याला सुमारे सात आठवडे लागले. टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या. टांगा उलटला तेव्हा त्या खरोखर जखमी झाल्या. जवळच्या शॉटमध्ये नायिका, लांबच्या शॉटमध्ये रेश्मा: अंतर बदललं, की माणूस बदलायचा. स्टंट करणाऱ्याचा चेहरा दिसू नये, हीच तेव्हा कॅमेऱ्याची कामगिरी होती.

एव्हाना माणसाला जिथे बसवता येत नाही तिथे एकटा कॅमेरा जाऊ लागला होता. चावी देऊन चालणारा ‘आयमो’ हा छोटा कॅमेरा मुळात वार्तापटांचा. दुसऱ्या महायुद्धात तो रणांगणावरही फिरला. स्टंटवाले त्याला धातूच्या पेटीत घालून गाडी आदळणार तिथेच ठेवत. कॅमेरा मोडला तरी चालेल, आतली फिल्म वाचली पाहिजे. पुढे ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये (२०१५) हेच काम कॅननच्या स्टिल कॅमेऱ्यांनी केलं. महाग कॅमेऱ्याच्या बाबतीत हा हिशेब अंगलट येतो. ‘द डार्क नाइट’च्या चित्रीकरणात आयमॅक्सचा एक कॅमेरा चक्काचूर झाला, तेव्हा त्या जातीचे जगात जेमतेम चार होते.

कॅमेरा मोडला तर दुसरा आणता येतो. १९८५मध्ये ‘टॉप गन’साठी विमानात कॅमेरा लावून गिरक्या घेताना वैमानिक आर्ट शॉल पॅसिफिक महासागरात कोसळला. तोही सापडला नाही आणि विमानही. ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्ये (२०२२) कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे बसवले होते. ते सुरू करण्याची जबाबदारी नटांवर होती. काय टिपलं गेलं हे दिग्दर्शकाला विमान उतरल्यावरच कळायचं.

कॅमेरामन असा हळूहळू मागे सरकत असताना ‘मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट’ने (२०१८) त्याला पुन्हा पुढे ढकललं. कॅमेरामन क्रेग ओब्रायनने हेल्मेटवर कॅमेरा बांधून विमानातून टॉम क्रूझच्या आधी, पाठमोरी उडी घेतली. चेहरा स्पष्ट दिसायला दोघांत तीन फुटांचंच अंतर हवं होतं. प्रकाश हवा होता सूर्यास्तानंतरचा, तो टिकतो काही मिनिटं. म्हणजे दिवसाला एकच टेक. शंभराहून अधिक उड्यांनंतर हा प्रसंग पूर्ण झाला. कीटनचा पुरावा लांबच्या शॉटमध्ये होता, क्रूझचा क्लोजअपमध्ये. अट दोघांचीही एकच: माणूस आणि संकट एकाच फ्रेममध्ये दिसलं पाहिजे.

छायाचित्रणाला ऑस्कर पहिल्याच सोहळ्यापासून, म्हणजे १९२९पासून मिळतं. स्टंटची आखणी करणाऱ्यांसाठी वेगळा पुरस्कार अकादमीने २०२५मध्ये जाहीर केला. तो शंभराव्या सोहळ्यात, २०२७च्या चित्रपटांसाठी दिला जाईल. भिंगासमोर हाडं मोडून घेणाऱ्यांची दखल घ्यायला अख्खं शतक लागलं, याचं एक कारण उघड आहे. त्यातली बहुतेक वर्षं कॅमेरा त्यांचा चेहरा लपवण्यातच गुंतला होता.