जुन्या वृक्षाशेजारील बांधकाम

वृक्षाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात असा समज रूढ असला, तरी प्रत्यक्षात बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या ६० ते ९० सेंटिमीटर थरात असतात आणि पर्णसंभाराच्या कडेपलीकडेही आडवी पसरतात, त्यामुळे पायाचा वा जलवाहिनीचा उथळ चरसुद्धा त्यांना तोडू शकतो. खोडालगतची जाड मुळे वृक्षाला उभे धरतात, तर टोकांकडील बारीक मुळे पाणी शोषतात. पहिली तुटल्यास वृक्ष पावसाळी वाऱ्यात उन्मळण्याचा धोका असतो, दुसरी गेल्यास तो शेंड्याकडून वाळत जातो, आणि ही लक्षणे अनेकदा काही वर्षांनी दिसत असल्याने खरे कारण दुर्लक्षितच राहते, हे विशेष खेदाचे आहे. कुदळ न लागताही हानी होते: मालमोटारींनी माती दबली किंवा बुंध्याभोवती भराव घातला, की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो.

ब्रिटिश मानक ५८३७ नुसार दीड मीटर उंचीवर मोजलेल्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ, म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाभोवती ७.२ मीटर, मूळ-संरक्षण क्षेत्र मानले जाते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यातही वृक्षतोडीच्या व्याख्येत वृक्षाला कोणत्याही प्रकारे इजा करणे समाविष्ट आहे.

काळ्या मातीत मात्र वृक्ष हटवणेही निर्धोक नसते, कारण एरवी मुळे शोषून घेत असलेले पाणी जमिनीत साठू लागताच ती फुगते आणि पाया उचलला जाऊन भिंतींना तडे जाऊ शकतात.