पोटखराब्याची नोंद

पहाटे ५.३०

रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे दमलाय. नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत, जीपीएसचे सेल नवे, आणि पाठीवर पीव्हीसी पाइपचे चार तुकडे. ते जोडले की एक मीटर बाय एक मीटरची चौकट होते. माझ्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी अवजार तेच. लिहायला पेन्सिल. ओल्या कागदावर शाई फुटते, शिसं टिकतं.

सकाळी ६.४५

राजापूर तालुक्यातला हा सडा. खालून, वाडीतून बघितलं तर वर काही असेल असं वाटतही नाही. चढ संपतो आणि एकदम लांबच लांब सपाट कातळ समोर येतो. एप्रिलमध्ये इथे अनवाणी पाऊल टेकवत नाही. ऑगस्टच्या शेवटी त्याच काळ्या जांभ्यावर सीतेची आसवं निळी-जांभळी पसरलेली असतात, मधूनमधून गेंदाची पांढरी बटणं, आणि खळग्याखळग्यांत घोटाभर नितळ पाणी.

सातबाऱ्यावर या जमिनीला एकच शब्द आहे: पोटखराबा. देशभरच्या पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह निघतो, त्यातही अशा कातळांसाठी उजाड खडकाळ जमिनीचा वर्ग आहे. कुणी मुद्दाम वाईट लिहिलं असं मी म्हणत नाही. पीक येतं का, एवढाच प्रश्न त्या कागदाला ठाऊक आहे आणि त्याचं उत्तर त्याने खरं दिलंय. पण पुढे चिरेखाण मागणारा आला की हाच शब्द त्याच्या कामी येतो. ज्या जमिनीवर काहीच नाही, तिथे खणलं तर जातंय काय? सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि कलमं लावायची, यालाही कुणाची हरकत येत नाही.

माझ्याबरोबर वाडीतला एक तरुण असतो. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून घरी आला, तो परत गेला नाही. चौकट जमिनीवर टाकायची आणि तिच्या आत जे असेल ते लिहायचं. ती कुठे टाकायची ते आधीच ठरलेलं असतं. चिठ्ठ्या काढाव्यात तसे संगणकाने बिंदू निवडलेले. असं केलं नाही तर डोळा फुलांकडे ओढ घेतो आणि नोंद फक्त फुललेल्या जागांचीच होते. सुरुवातीला त्याला ते पटायचं नाही. ‘ताई, हितं तर काहीच नाही, नुसता कातळ. लिहायचं काय?’ काही नाही, हेच लिहायचं. आज शून्य लिहिलं नाही, तर पाच वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही की इथलं काही नाहीसं झालं, की इथे कधी नव्हतंच.

चौदाव्या चौकटीत मात्र अर्धा तास जातो. माती जेमतेम बोटाच्या पेराएवढी. तेवढ्यात गवताच्या दोन जाती, गेंद, दवबिंदू आणि आसवं. आसवांचं एक रोप अलगद सोडवून तळहातावर घेतलं, भिंगाखाली धरलं. मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवर मोहरीहून बारीक फुगे आहेत. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. या मातीत नत्र जेमतेम, ते असं मिळवायचं. दवबिंदू तेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करतो. खतावाचून, खोल मातीवाचून, वर्षातले चार महिने जगून बी टाकून जाणारं हे रान. याला खराबा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

८.३०

आता दगड. सड्यावर सुटे पडलेले जांभ्याचे चपटे दगड उचलून खाली बघायचं. हातात काठी, पायात बूट, आणि दगड नेहमी आपल्याकडे उचलायचा, म्हणजे तो ढालीसारखा मध्ये राहतो. फुरशांचा हा मुलूख आहे. सातव्या दगडाखाली ती सापडली. बोटभर लांबीची तपकिरी पाल, पाठीवर आडवे पांढुरके पट्टे. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच दोर्ले गावच्या नमुन्यांवरून १९६३ साली शास्त्राला तिची ओळख झाली. कोकणातल्या या कातळांपलीकडे ती जगात कुठेही नाही. भिंतीवर चढणारी ही पाल नव्हे. तिचं घर म्हणजे हे सुटे दगड. खाणीसाठी किंवा गडग्यासाठी दगड उचलले की तिचं छप्परच गेलं.

फोटो, तापमान, दगडाची लांबी-रुंदी, आणि दगड होता तसाच परत. त्याच खाचेत, तीच बाजू वर. याबद्दल मी फार कडक आहे, आणि त्याला कारण माझीच चूक आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पालीची जागा मी जाहीर यादीत अक्षांश-रेखांशाच्या पाच दशांश स्थळांपर्यंत उघडी टाकली. पाच दशांश म्हणजे मीटरभराचा नेमकेपणा. पुढच्या पावसात गेले, तर त्या टापूतले पंधरा-वीस दगड उलटे पडले होते. वरची दगडफुलाची बाजू मातीत, खालची फिकट बाजू आभाळाकडे. एकाही दगडाखाली ओल नव्हती. कोण येऊन गेलं ते मला माहीत नाही. रस्ता मी दाखवला होता, एवढं माहीत आहे.

११.००

उतरताना वाडीतल्या एका आजींच्या पडवीत चहा. वनस्पतींचे फोटो मी त्यांना दाखवते आणि नावं लिहून घेते. नावाबरोबर उपयोगही येतो: कुठलं गवत गुरं आधी खातात, कुठला पाला भाजीला. आज त्या एका फोटोवर थांबल्या.

‘ह्याचा कांदा कुठं मिळतो ते नको हो लिहू.’

‘नाव लिहू का, आजी?’

‘नाव लिही. जागा नको.’

२००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांनी प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितलं. ती गावाची मालमत्ता आहे, त्यातलं काय बाहेर जावं ते गावाने ठरवायचं. खुली माहिती म्हणजे सगळी माहिती उघडी, असं मीही एके काळी मानत होते. उलटे दगड बघितल्यापासून आजींचं म्हणणं मला माझ्या भाषणांपेक्षा शहाणं वाटतं.

पण दडवून ठेवण्याचीही किंमत असते. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला. माहिती अधिकारात मागूनही तो मिळेना. केंद्रीय माहिती आयोगाने देण्याचा आदेश काढला, त्याविरुद्ध मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांपुढे आला. एवढे महिने ज्यांच्या गावांबद्दल तो होता, त्यांच्यापर्यंत तो नव्हता आणि अफवा मात्र घरोघर होत्या. दुर्मीळ कांद्याची जागा झाकणं वेगळं आणि गावाच्या भवितव्याचा कागद झाकणं वेगळं.

दुपारी २.३०

कपडे वाळत, जेवण उरकून, खुर्चीवर. आता तीन तास नोंदी निवडायच्या, तांदूळ निवडतात तशा. आठवड्याभराच्या नोंदी नकाशावर टाकल्या तर अकरा ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात. अक्षांश १६.६ आणि रेखांश ७३.५ यांची अदलाबदल झाली की कोकणातली पाल आर्क्टिकच्या पाण्यात जाऊन पडते. ही चूक सोपी. नकाशा बघताच कळते. अवघड चुका जमिनीवरच असतात. एका नोंदीचं ठिकाण सड्यावर नाही, आमच्या बसथांब्यावर आहे. फोनला रेंज तिथे आली, तेव्हा त्याने तीच जागा धरली. नोंदवही उघडून पेन्सिलीतली वेळ बघितली आणि ठिपका सड्यावर परत नेला. वहीतही सापडलं नसतं तर नोंद काढून टाकली असती.

मग प्रत्येक ओळीला तारीख, नोंद कुणाची, ओळख कुणी पटवली, आणि जागेत किती मीटरची चूक असू शकते तो रकाना. हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात. मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. जगभरच्या नोंदी एका साच्यात बसाव्यात म्हणून केलेल्या डार्विन कोअर या मानकात त्याला हक्काची जागा आहे, आणि त्या साच्यात बसलं की आमची नोंद जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाऊ शकते, कुणालाही फुकट वापरता येते. अशा साठवलेल्या नोंदींची ताकद पक्ष्यांच्या बाबतीत दिसली. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचं मूल्यमापन झालं आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं, ते हजारो हौशी माणसांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकलेल्या तीन कोटींहून जास्त नोंदींतून. सड्यावरच्या गवताला इतके चाहते नाहीत. म्हणून आमची एकेक ओळ महाग आहे.

पालीची आजची जागा जाहीर यादीत एका दशांश स्थळापर्यंतच जाईल, म्हणजे साधारण अकरा किलोमीटरच्या टप्प्यात कुठेतरी. आजींच्या कांद्याला नाव आहे, जागा नाही.

संध्याकाळी ५.१५

दिवसातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम आत्ता. जगाचा साठा अक्षांश-रेखांशात बोलतो, तलाठ्याचा कागद गट नंबरात. दोघांची भेट कुणी घालून दिली नाही, तर आमच्या नोंदी जीबीआयएफच्या कोपनहेगनला पोचतील आणि ग्रामसभेत नाही. सुदैवाने गटांचे नकाशे आता महाभूनकाशावर कुणालाही बघता येतात. मी ते शेजारी उघडते आणि ठिपका ठिपका जुळवत जाते. एका गटात एकतीस वनस्पती. शेजारच्या गटात झिजलेलं कातळशिल्प आणि त्यात साठलेल्या पाण्यात बेडकांची पिल्लं. (कोकणातल्या निवडक कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांच्या अवतीभवतीच्या गवताची यादी कुणी मागितली नाही.) खालच्या वाडीची विहीर ज्या पऱ्याच्या आधाराने भरते, तो ज्या खळग्यांतून सुरू होतो, त्यांचे गट नंबर वेगळ्या रंगात.

तक्ता मराठीत करते. पहिल्या रकान्यात गट नंबर, दुसऱ्यात सातबाऱ्यावरची नोंद, जशीच्या तशी, आणि तिसऱ्यात आम्हाला तिथे जे दिसलं ते: आजींनी सांगितलेलं नाव वर, लॅटिन नाव त्याखाली. उद्याच्या ग्रामसभेसाठी वीस प्रती. अक्षर मोठं, चष्मा घरी विसरलेल्यांसाठी.

रात्री ९.४५

आडवी होणार, तेवढ्यात फोन वाजतो. सकाळचा तो पोरगा. पाऊस पुन्हा लागलाय, आणि तो बॅटरी घेऊन सड्याच्या कडेला गेलाय. आवाजाचा संदेश आहे, चाळीस सेकंदांचा. आधी नुसता पाऊस, मग त्यातून बेडकांचे दोन वेगवेगळे सूर, एक जाडा आणि एक टिकटिकता.

तारीख, वेळ, जागा विचारायला मी टाइप करू लागते. त्याआधीच खाली त्याचा मजकूर येतो. वेळ लिहिली आहे, पाऊस किती ते लिहिलंय, खळग्यात पाणी गुडघ्याएवढं असंही लिहिलंय. आणि सगळ्यात वर, न विचारता, गट नंबर.