नोटा, ठसे आणि चॉकलेटवरचं नाव

देवास म्हटलं की बँक नोट प्रेस आणि धार जिल्हा म्हटलं की बाघचे ठसे! एकीकडे १९७०च्या दशकापासून देशाच्या नोटा छापल्या जातात, तर दुसरीकडे लाकडी ठशांनी कापडावर लाल-काळी वेलबुट्टी उमटते. छपाईचा असा वारसा दाराशी असताना आपल्या तरुण मंडळींना चॉकलेटवर नाव छापून भेट द्यावीशी वाटली, तर नवल नाही. रुखवतात खाऊ सजवून मांडायची हौस आपल्याला जुनीच!

चॉकलेट स्निग्ध असतं, म्हणून पाण्यातली शाई त्यावर थेट टिकत नाही. त्यावर दोन युक्त्या आहेत. साखर किंवा स्टार्चच्या पातळ शीटवर खाद्य शाईनं छापून ती शीट चॉकलेटवर चिकटवायची, ही सोपी युक्ती. दुसऱ्या पद्धतीत कोको बटरचा थर दिलेल्या प्लॅस्टिक शीटवर चित्र छापतात, त्यावर चॉकलेट ओततात आणि ते घट्ट झालं की शीट सोलतात. मजकूर मात्र आरशातल्यासारखा उलटा छापावा लागतो. बाघचा ठसाही असाच उलटा कोरलेला असतो.

खरी परीक्षा तापमानाची. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवून २७-२८ पर्यंत थंड करतात आणि पुन्हा ३१-३२ वर आणतात. हे टेम्परिंग नीट साधलं, तरच चकाकी येते आणि शीट अलगद सुटते. वनस्पती तूप घातलेल्या कंपाउंड चॉकलेटला एवढी खटपट लागत नाही; नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

साधी शाई वापरलेला घरचा प्रिंटर इथे अजिबात चालणार नाही. प्रिंटर वेगळा हवा आणि शाई खाण्यायोग्यच हवी. विक्री करायची असेल, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही घ्यायला हवी.

कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर दमट हवेत पाणी सुटून छाप पसरतो. तेव्हा उन्हाळी लग्नांपेक्षा दिवाळी ते रथसप्तमी हा काळ बरा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीच्या नावाचं चॉकलेट वाण म्हणून किती शोभेल!

एक मात्र करा. काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, म्हणून छापण्याआधी नावं घरातल्या मोठ्यांकडून वाचून घ्या. नोटेवर चूक चालत नाही, मग आजीच्या नावात कशी चालेल?