टिळकांना मी ‘फादर’ केलं, त्याची गोष्ट

मागच्या डिसेंबरात एका स्थानिक साप्ताहिकात माझा लेख छापून आला. विषय होता मराठीतले ख्रिस्ती लेखक. नावानिशी छापून आलेला हा माझा पहिलाच लेख, त्यामुळे सकाळी सातच्या आत बाबांनी तो गल्लीतल्या चार घरी दाखवून झाला होता. साडेनऊला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पुलगावचे एक निवृत्त शिक्षक बोलत होते.

“बेटा, तो लेख तूच लिहिला ना? छान आहे. फक्त तू नारायण वामन टिळकांना ‘फादर’ करून टाकलं. मग आता लक्ष्मीबाईंचं काय करायचं?”

मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले. ‘फादर’ म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, आणि ते लग्न करत नाहीत. टिळक प्रॉटेस्टंट होते, अमेरिकन मराठी मिशनचं काम करायचे. म्हणून त्यांच्या नावामागे ‘रेव्हरंड’ लागतं. आणि त्यांच्या संसाराचीच तर गोष्ट लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे. म्हणजे मराठीतल्या सगळ्यात गाजलेल्या आत्मचरित्रांपैकी एकाला मी एका शब्दात खोटं पाडलं होतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “मूळ कुठं पाहिलं?”

मी काय सांगणार? तीन वेबसाइटवर वाचलं होतं. तिन्हीवर तीच वाक्यं होती, कारण तिघांनी ती एकमेकांकडून उचलली होती. तीन ठिकाणी आहे म्हणजे खरंच असेल, असा माझा हिशोब होता. तुमचाही असाच असेल तर पुढचं वाचा. कारण त्या फोननंतर मी वर्ध्यातल्या माझ्या खोलीत बसून, दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर, ‘मूळ’ शोधायला शिकले. त्यातलं जे खरंच कामाचं निघालं, ते इथे सांगते.

आधी विश्वकोश, मग बाकीचं

मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभारलेलं हे काम आपण शाळेत फक्त नावापुरतं ऐकलेलं असतं. ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक, बाबा पदमनजी यांच्यावरच्या नोंदी वाचायला वीस मिनिटं लागतात. माझी वीस मिनिटं वाचवायला गेले आणि तोंडघशी पडले.

याच वाचनात मला टिळकांचा रेल्वेप्रवास सापडला. १८९३ मध्ये ते नाशिकहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथाची प्रत दिली. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून नागपूरकडे जाणारी लाइन आपल्या वर्ध्यावरूनच जाते. ज्या स्टेशनवर आपण पॅसेंजरची वाट बघत चहा पितो, ते या गोष्टीच्या वाटेवर आहे. असा तपशील फॉरवर्डमध्ये मिळत नाही.

विकिपीडियाही वाचा, पण वाचून थांबू नका. लेखाच्या खाली संदर्भ दिलेले असतात. खरा माल तिथे असतो. वरचा लेख म्हणजे नुसता दरवाजा.

जुनी पुस्तकं, मोबाइलच्या स्क्रीनवर

‘आर्काइव्ह डॉट ऑर्ग’ हे नाव वहीत लिहून ठेवा. लाखो जुनी पुस्तकं तिथे स्कॅन करून ठेवलेली आहेत. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. १६१६ मध्ये ते गोव्यात रायतूरला, म्हणजे आजच्या राशोलला, छापलं गेलं. मराठी ओव्या, पण छपाई रोमन लिपीत. १९०७ मध्ये मंगळूरहून त्याची जी आवृत्ती निघाली, ती या साइटवर उघडून बघता येते. स्टीफन्स मात्र खरंच ‘फादर’ होते बरं का! जेझुइट होते.

मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकं टाइप केलेल्या रूपात असतात, त्यामुळे शब्द टाकून शोधता येतो. तिथे मुद्रितशोधन करणारे लोक हवेच असतात. पैसे मिळत नाहीत, पण शंभर वर्षांपूर्वीचं मराठी अक्षर न् अक्षर तपासायची सवय लागते. महिनाभर रोज एक पान तपासलं तरी तुमचं ऱ्हस्व-दीर्घ कोणत्याही क्लासपेक्षा जास्त सुधारेल.

शोधताना लेखकाच्या नावासोबत वर्षही टाका. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, पुष्कळ अभ्यासक त्याला मराठीतली पहिली कादंबरी मानतात आणि तिचा विषय आहे विधवांचे हाल. पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, बाहेर आलं. या लोकांनी मराठी गद्याला काय दिलं, हे कळायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही. मी नाही. फोन करणारे सर आहेत. आमचं आता आठवड्याला एकदा तरी बोलणं होतं.

शब्द अडला तर

दुसरी नोंद करा ‘बृहद्कोश’ची. मराठीतले कितीतरी शब्दकोश इथे एकाच खिडकीत शोधता येतात. शिकागो विद्यापीठाच्या साइटवरही मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ फुकट आहेत. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. त्याचा कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये आला आणि वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. आजी बोलते ते शब्द ‘गावंढळ’ म्हणून आपण लेखातून काढतो. एकदा या कोशांत शोधून बघा. त्यातले बरेच तिथे ऐटीत बसलेले दिसतील.

मशीन-भाषांतर वापरायला माझी ना नाही, मीही वापरते. पण ते डोळे मिटून चिकटवू नका. कॅथलिक प्रार्थनाविधीच्या ‘मास’चं मशीन सरळ ‘वस्तुमान’ करू शकतं. रविवारी सकाळी चर्चमध्ये वस्तुमान साजरं झालं, असं छापून आलं तर फोन एकच येणार नाही.

म्हणून सरांनी शिकवलेलं थोडं. कॅथलिकांची ‘मिस्सा’, प्रॉटेस्टंटांची ‘उपासना’. कॅथलिकांचे ‘फादर’, प्रॉटेस्टंटांचे ‘रेव्हरंड’, ‘पास्टर’ किंवा ‘पाळक’. शुभवर्तमानं चार: मत्तय, मार्क, लूक, योहान. आणि गुड फ्रायडेच्या शुभेच्छा कोणालाही देऊ नका, तो येशूला क्रुसावर दिल्याचा दिवस आहे. बायबलमधली ओळ वापरायची असेल तर ‘यूव्हर्जन’ ॲपवर मराठी भाषांतरं आहेत. एकाच ओळीची भाषांतरं वेगवेगळी असतात, म्हणून कोणतं भाषांतर वापरलं ते लेखात लिहा.

आपल्या गावचा लेखक मला नेटवर भेटला

हे सगळं शोधता शोधता मी ज्या माणसापाशी पोचले, तो माझ्या खोलीपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर राहून गेलेला निघाला. जे. सी. कुमारप्पा. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात १८९२ मध्ये जन्म, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचं शिक्षण आणि मग गांधीजींसोबत काम. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्याला मगनवाडीत आले. तिथूनच ते ‘ग्रामउद्योग पत्रिका’ चालवायचे. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद अशा गोष्टींवर हा कोलंबियाचा माणूस लिहायचा.

तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, दोन्ही १९४५ मध्ये आली. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये निसर्ग ओरबाडून न घेता जगण्याचं अर्थशास्त्र आहे. आज आपण पर्यावरणाच्या पेपरात ‘शाश्वत विकास’ पाठ करतो ना, त्याच्या कितीतरी आधीचं. दुसरं ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ येशूच्या शिकवणीवर आहे. मगन संग्रहालयासमोरून मी शेकडो वेळा गेले असेन. हा माणूस मला माहीत नव्हता. तुम्हाला होता?

आता कामाची गोष्ट. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायची. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांचं लेखन केव्हाच हक्कमुक्त झालं. कुमारप्पा १९६० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेली ही पुस्तकं १ जानेवारी २०२१ पासून हक्कमुक्त आहेत. याचा अर्थ, तुम्ही त्यांतलं एखादं प्रकरण आज मराठीत आणू शकता, परवानगीशिवाय. मात्र आधी कोणी अनुवाद केलेला असेल तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा, तो उचलायचा नाही. आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं, म्हणजे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांचं लेखन घेऊ म्हणाल, तर ते २०२४ मध्ये गेले. २०८४ संपेपर्यंत परवानगी लागेल. नेटवर पीडीएफ मिळते म्हणजे पुस्तक फुकट झालं, असं होत नाही.

आता पैशाचं बोलू

ज्याचं बोलायला आपण लाजतो तेच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एका ‘राष्ट्रीय काव्यसंग्रहा’त निवड झाल्याचा मेसेज आला. नोंदणी चारशे रुपये. मेसच्या पैशातून भरले. रंगीत प्रमाणपत्राची इमेज आली, पुस्तक आजवर आलेलं नाही. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: लिहिण्याचा पैसा लेखकाकडे आला पाहिजे, लेखकाकडून गेला नाही पाहिजे. ‘सहलेखक व्हा’, ‘पदक मिळवा’, ‘पॅकेज घ्या’ असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, मला किती मिळणार?

सुरुवात कुठून करायची? दैनिकांच्या पुरवण्यांना आणि मासिकांना ईमेल करा, लेख युनिकोडमध्ये टाइप करून. गूगलचा मराठी कीबोर्ड फुकट आहे. इनस्क्रिप्ट पंधरा दिवसांत येतो आणि एकदा आला की वेग दुप्पट होतो. लहान मुलांसाठी लिहायचं असेल तर प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ बघा. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, त्यांचा मराठी अनुवाद करून हात बसवता येतो. गावाकडच्या माणसांवर कसं लिहावं हे शिकायला पी. साईनाथांनी सुरू केलेल्या ‘परी’वरचे मराठी लेख वाचा, फोटोओळी तर नक्कीच. कथा लिहित असाल तर ‘प्रतिलिपी’वर वाचक मिळतात आणि ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः काढता येतं, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

काम मिळालं की फोनवर ‘हो हो’ म्हणून थांबू नका. एक ईमेल टाका: किती शब्द, किती मानधन, कधी मिळणार, नाव छापणार का, हक्क कोणाकडे. कोणी हक्क लिहून मागितले तर मुदत बघा. कायदा सांगतो की हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मानधनातून टीडीएस कापला तर घाबरू नका. पॅन दिलेला असेल तर तो तुमच्या नावावर जमा दिसतो आणि आयकर लागत नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. चारशे रुपयांना फसलेल्या मुलीला हे सगळं कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगतेय.

शेवटी परत तो फोन

त्या साप्ताहिकाला मीच दुरुस्ती पाठवली. पुढच्या अंकात दोन ओळी छापून आल्या. बाबांनी त्या गल्लीत दाखवल्या नाहीत, पण कात्रण कापून माझ्या फाइलीत लावलं, लेखाच्या शेजारीच.

सध्या मी कुमारप्पांच्या एका प्रकरणाचा अनुवाद करतेय. रोज अर्धं पान होतं, कधी दोनच वाक्यं. अडलं की कोश उघडते, तिथेही अडलं की सरांना फोन लावते. परवा त्यांना मोठ्या उत्साहात सांगितलं, “सर, कुमारप्पांबद्दल एक भारी किस्सा सापडला!”

पलीकडून लगेच आलं, “मूळ कुठं पाहिलं?”

पाहिलं नव्हतं. म्हणून तो किस्सा या लेखात नाही.