तंत्रज्ञान शिकवायला शिकताना
(परदेशी पदवीच्या वाटा : लेखांक ७)

अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठांची घडण आणि तिथल्या फीचं गणित आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच विद्यापीठांतला एक कमी परिचित अभ्यासक्रम पाहू : तंत्रज्ञान शिक्षणातली मास्टर्स.

आपल्याकडे याची शैक्षणिक तंत्रज्ञानाशी हमखास गल्लत होते. संगणक आणि व्हिडिओ वापरून इतिहास किंवा गणित कसं शिकवावं, हा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा प्रांत. इथे मात्र तंत्रज्ञान हाच शिकवायचा विषय. पूल भार कसा पेलतो, वस्तूचा आराखडा कसा करायचा, हे शाळकरी मुलांना करून बघायला लावणारे शिक्षक या पदवीतून घडतात.

या विषयाचं मूळ हस्तकौशल्यात आहे. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मॉस्कोच्या तंत्रशाळेने लाकूड-लोखंडकामाचे टप्प्याटप्प्याने अवघड होत जाणारे धडे मांडले. १८८०मध्ये कॅल्व्हिन वुडवर्ड यांची सेंट लुईसमधली हस्तकौशल्याची शाळा सुरू झाली. पुढे या विषयाला ‘इंडस्ट्रियल आर्ट्स’ म्हणू लागले. १९८५मध्ये शिक्षकांच्या संघटनेने स्वतःच्या नावात त्याऐवजी तंत्रज्ञान शिक्षण आणलं आणि २०१०मध्ये अभियांत्रिकीही जोडली. दरम्यान, २००० साली तिने तंत्रज्ञान साक्षरतेचे निकष प्रसिद्ध केले होते.

या बदलाने मूल्यमापनाचा रोखच पालटला. पूर्वी सांधा घट्ट बसला की गुण मिळत. आता हाच सांधा का निवडला, तो कुठे निकामी झाला आणि मग आराखड्यात काय बदललं, हे विद्यार्थ्याला सांगावं लागतं. असं काम तपासायचं कसं, हा मास्टर्सचा गाभा आहे. जोडीला अभ्यासक्रमाची रचना, कार्यशाळेची आखणी व सुरक्षितता आणि संशोधनपद्धती असते.

रॅलेमधल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेटचं उदाहरण घ्या. १८८७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि डिझाइन शिक्षण असा एकत्रित विषय आहे. एम.एड. आणि एम.एस. या त्याच्या दोन वाटा. साधारणपणे वर्गात शिकवत राहायचं असेल तर पहिली आणि संशोधनाकडे किंवा पीएच.डी.कडे वळायचं असेल तर दुसरी सोयीची. अशा पदव्यांना बहुधा ३० ते ३६ क्रेडिट्स लागतात.

अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. या विषयाचे बरेच विद्यार्थी नोकरी करणारे शिक्षक असल्याने अनेक ठिकाणी वर्ग ऑनलाइन असतात. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी एफ-१ व्हिसा मिळत नाही. दुसरं, शिकवण्याचा परवाना राज्य सरकार देतं. पदवीबरोबर तो आपोआप हाती येत नाही. तिसरं, शिक्षणानंतर काम करण्याची १२ महिन्यांची मुभा आणखी २४ महिने वाढते ती फक्त सरकारच्या ‘स्टेम’ यादीतल्या विषयांना. आपल्या पदवीचा विषय-संकेतांक त्या यादीत आहे का, हे विद्यापीठाला लेखी विचारा.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम उभारला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत पोहोचला. त्यामुळे परतून आलेल्यांना इथे कामाची जमीन तयार आहे. अभियंत्याच्या नोकरीचं मागचं दार म्हणून मात्र ही पदवी घेऊ नये. शिकवण्याची ओढ असेल तरच अर्ज करा.

(पुढील आठवड्यात : असिस्टंटशिप कशी मिळवावी?)