जुने नाणे, टपालखर्च आणि अमानत

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या पेटीत निजामाच्या काळातला चारमिनारचा हाली सिक्का, जुनी टपाल तिकिटे किंवा ‘७८६’ क्रमांकाची नोट जपून ठेवलेली असते. अशा वस्तू आता घरबसल्या विकता येतात. घर सांभाळून चार हलाल पैसे मिळवू पाहणाऱ्या आपल्या भगिनींसाठी हा चांगला मार्ग आहे. पण पाकिटात वीस रुपये वाचवायला जावे आणि हजाराची वस्तू गमवावी, असे होऊ नये. दोनशेच्या नाण्याला मोठे खोके लावले तर नफा खोक्यातच जातो, हेही तितकेच खरे.

म्हणून आधी वजन करावे. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. स्पीड पोस्टाचा पहिला टप्पा ५० ग्रॅमपर्यंत आहे. एक-दोन रुपये पुठ्ठा व पाकिटासह त्यात सहज बसतात. पाच रुपयांचे नुसते वजनच ५८ ग्रॅम भरते, म्हणजे पुढचा दर लागणारच. तो द्यायचाच आहे, तर मग पुठ्ठ्यात कंजूषी कशाला? खाजगी कुरिअरवाले पार्सलचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५००० ने भागतात. ३० × २० × १५ चे खोके १.८ किलो धरले जाते, मग आत अर्ध्या किलोची कपबशी का असेना. म्हणून खोके वस्तूच्या मापाचे हवे. चारही बाजूंनी दोन बोटे जाडीचे कागद किंवा बबलचे अस्तर मात्र सोडू नये.

नाणे पाकिटात मोकळे सोडले तर कडेला सरकून कागद फाडते. ते छोट्या पाकिटात घालून दोन पुठ्ठ्यांच्या मधोमध चिकटवावे. मऊ पीव्हीसी प्लास्टिक टाळावे, त्याने काही काळाने नाण्यावर हिरवट चिकटा येतो. नोट व तिकिटे घडी न घालता दोन ताठ पुठ्ठ्यांत ठेवावीत. चिकटपट्टी वस्तूला लागता कामा नये. पावसाळ्यात बाहेरून प्लास्टिकचे आवरण हवेच. शेवटी पाकीट कानाशी हलवून पाहावे. आवाज आला तर ते पुन्हा बांधावे.

रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. वस्तू महाग असेल तर विम्याची चौकशी करावी आणि पावती जपून ठेवावी. परदेशी ग्राहक मिळाला तर नाण्यावरचे हिजरी साल नीट वाचावे. १३६२ म्हणजे १९४३, पण १३४० म्हणजे १९२१-२२. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. आपल्या प्रिय पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. भिजलेला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. लांबच्या ग्राहकाला तर राशीत हात घालताच येत नाही, त्याला फक्त आपण पाठवलेला फोटो दिसतो. म्हणून नाण्याचा ओरखडा, नोटेची चीर फोटोत दाखवावी. टपालखर्च लागतो तेवढाच सांगावा, त्यात छुपा नफा घालू नये. ‘७८६’ ची नोट बरकत आणते, असे सांगून भाव वाढवणे तर मुळीच शोभत नाही. वस्तू वाटेत फुटली तर नुकसान कोणी सोसायचे, हे पैसे घेण्यापूर्वीच लिहून ठरवावे. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहेच. पैसे आपल्या हाती आले आणि वस्तू अजून वाटेत आहे, तोवर ती ग्राहकाची अमानत समजावी. असे समजून बांधलेले पाकीट सहसा नीटच बांधले जाते.