हार्ड डिस्क नाही, तरी कॉम्प्युटर सुरू! 'नेटवर्क बूट' म्हणजे नेमकं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ बऱ्याच जुन्या पीसींवर अधिकृतपणे बसत नाही. मग शाळेच्या लॅबमधल्या पीसींचं काय करायचं? मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात तर आणखी दोन त्रास आहेत. खारी, दमट हवा मशीनला गंज चढवते आणि पावसाळ्यात लाईट सारखी जाते. लिहिणं चालू असताना लाईट गेली, तर हार्ड डिस्कवरच्या फाईल्स खराब होऊ शकतात.

हे पीसी भंगारात देण्याआधी एक पर्याय बघण्यासारखा आहे: नेटवर्क बूट.

हे चालतं कसं?

एरवी पीसी सुरू केला की तो स्वतःच्या डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टीम उचलतो. नेटवर्क बूटमध्ये ती लॅन केबलमधून येते.

१. बटण दाबल्यावर नेटवर्क कार्ड केबलवर हाक मारतं: "मला पत्ता द्या!"
२. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी ॲड्रेस देतो आणि कोणती फाईल कुठून घ्यायची तेही सांगतो.
३. पीसी टीएफटीपीने ती छोटी फाईल उतरवतो.
४. ती फाईल लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणते. बाकीची सिस्टीम सर्व्हरवरून येते आणि डेस्कटॉप दिसू लागतो.

या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. इंटेलने तिची २.१ आवृत्ती १९९९ मध्ये आणली. त्यामुळे बऱ्याच जुन्या पीसींमध्येही ही सोय आधीपासून असते. बायोसमध्ये जाऊन ती फक्त चालू करावी लागते.

फायदा काय?

विद्यार्थ्यांच्या पीसीची डिस्क गेली तरी अडत नाही. सॉफ्टवेअर एकदाच, सर्व्हरवर टाकायचं. व्हायरस साफ करत प्रत्येक मशीनसमोर बसायला नको. एलटीएसपी हे यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. शेजारच्या गोव्यात २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने परदेशातून आलेले वापरलेले कॉम्प्युटर लिनक्स टाकून शाळांत चालवले होते.

पण हेही लक्षात ठेवा

• सर्व्हर बंद पडला की अख्खी लॅब बंद. त्यामुळे सर्व्हर आणि नेटवर्क स्विचला यूपीएस हवाच, आणि मुलांच्या फाईल्सचा बॅकअप वेगळा ठेवायला हवा. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात वीज गेली होती, ते आठवा.
• पीएक्सईला केबल लागते, वायफायवर भरवसा नको.
• टीएफटीपीमध्ये पासवर्डच नसतो. लॅबचं नेटवर्क बाहेरच्यांपासून वेगळं ठेवा.
• रॅम फारच कमी असेल तर पीसी रडतखडतच चालेल.

इंटरनेट मात्र लागत नाही. सर्व्हर लॅबमध्येच असतो, त्यामुळे रेंज नसलेल्या गावातही हे जमतं. आधी एक जुना पीसी आणि एक केबल घेऊन करून बघा. जमलं, तर भंगारवाल्याला थांबायला सांगा!